सहा-वीसची गाडी आणि माझा हात

"हात खाली घे आधी," उईके गार्ड म्हणाले, "आणि सांग, इथून कोण चढून राहिलं?"

"कोणीच नाही."

"मग उतरून?"

"आई."

"कुठाय आई?"

मी बोट दाखवलं. दुसऱ्या डब्यात, डावीकडून तिसऱ्या खिडकीशी, काचेला गाल टेकून आई झोपली होती. तोंड थोडंसं उघडं. मांडीवर डब्याची पिशवी आणि पिशवीचे बंद मनगटाभोवती दोन वेढे देऊन गुंडाळलेले. एवढी व्यवस्था करूनच ती झोपायची.

गार्डांनी कपाळाला हात लावला. "जाय, उठव. एक मिनिट देतो. ड्रायव्हर माझ्या नावानं ओरडून राहिला तिकडं."

मी उडी मारून चढले. सगळा डबा माझ्याकडे बघत होता आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडत होतं. "आई, ऊठ. जिनिंग आलं." तिचे हात नेहमीसारखे ब्लिचिंग पावडरीच्या वासाचे, बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली. तिनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो रोजचाच.

"आजी जेवली का?"

ही गोष्ट मी सातवीत होते तेव्हाची. आता दहावीत आहे.

आमच्या घरामागून जाणारी ही नॅरोगेज लाइन एकोणीस वर्षं बंद होती. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून. आमच्यासाठी ती रेल्वे नव्हतीच, ते आमचं मागचं अंगण होतं. रुळांवर गोधड्या वाळायच्या, मधे शेळ्या चरायच्या. आणि गल्लीत लग्न असलं की पंगत तिथेच. एका रुळावर एक रांग, समोरच्या रुळावर दुसरी, पत्रावळी मधे, आणि वाढणारे बाहेरच्या बाजूनं खांद्यावरून वाढायचे. दोन्ही रांगांचे गुडघे जवळजवळ टेकायचे. आमच्याकडचे अर्धे सोयरसंबंध त्या पंगतींत जुळले, असं आजी सांगायची.

मग एक दिवस सरकारनं लाइन पुन्हा सुरू केली. सावळापूर ते बोरखडी. आगगाडी म्हणावी तर दोनच डबे, इंजिन वेगळं नाही, पुढच्या डब्यातच ड्रायव्हर. कलकत्त्याला नोकरी करून आलेले देवईकर सर पहिल्या दिवशी चष्मा वर करून म्हणाले, "अरे, ही तर ट्राम!" झालं. ज्यांनी जन्मात ट्राम पाहिली नाही ते सगळे तेव्हापासून तिला ट्राम म्हणायला लागले.

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीशी आमचा थांबा. सिमेंटचा आखूड फलाट, वर पत्र्याचं छप्पर आणि एक पाटी: 'जुने जिनिंग. विनंती थांबा. प्रवाशाने हात दाखवल्यास गाडी थांबेल.' एसटीला हात दाखवून दाखवून आमच्या गावाचे हात लांब झालेले, पण आगगाडी हातानं थांबते म्हटल्यावर सगळे खूश.

आई सावळापूरला एका दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, गाऊन, पडदे. नऊ तास उभं राहून. बाबा ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी आले तर आले. आणि घरी आजी. खुब्याचं हाड मोडल्यापासून आजी खाटेवरच होती. तिला दर तीन तासांनी कुशीवर वळवावं लागे, नाही तर पाठीला जखमा होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शाळा सुटल्यावर मी तिला भरवायचे, पण वळवायची आईच. माझ्यानं ते व्हायचं नाही. रात्री दोनदा, पहाटे एकदा आणि मग सात-पाचची ट्राम.

ट्राम नव्हती तेव्हा आईला दोन बस बदलून दोन तास लागायचे. आता पस्तीस मिनिटं, आणि तीही बसून. झोप तर येणारच ना? दुसऱ्याच आठवड्यात ती झोपेत थेट बोरखडीला गेली. शेवटचं स्टेशन, सात किलोमीटर पुढे. तिथून काळीपिवळी मिळेपर्यंत साडेआठ वाजले. तोवर आजी एका कुशीवर पडून पडून लहान मुलासारखी रडली. मी तिचा हात धरून बसले होते आणि मला काहीच करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी फलाटावर हजर. सहा-वीसला ट्राम वळणावर दिसली आणि मी हात वर केला. आणि ती थांबली! चाळीस माणसं, दोन डबे, एवढं लोखंड, माझ्या एका हातानं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी! त्या आठवड्यात मी भूगोलाच्या तासाला तीनदा हात वर केला.

चूक झाली ती त्यानंतर. चूक म्हणजे, मी गप्प बसले नाही.

"माझा हात वर गेला ना, की अख्खी ट्राम थांबते," मी आरजूला सांगितलं. आरजू माझी मैत्रीण, दोन घरं सोडून राहणारी.

"चल झूठी. तुझ्या आईसाठी थांबते."

"आईसाठी नाही. ड्रायव्हरला काय माहीत आई झोपलेली आहे ते? हातासाठी थांबते. कोणाच्याही."

"माझ्यापण?"

"दाखवून तर बघ."

तिनं दाखवला. दुपारच्या गाडीला. गाडी थांबली, आरजू ओरडत पळाली, मी तिच्या मागे, आणि आम्ही जिनिंगच्या भिंतीआड बसून पोट दुखेपर्यंत हसलो. आठ दिवसांत गल्लीतली पंधरा-सोळा पोरं हात वर करायला लागली. काहींना तर थांबवायचंही नव्हतं, ती नुसती टाटा करत होती. गाडी दिसली की टाटा करायचा, हे पोरांना कोणी शिकवावं लागतं का? पण ड्रायव्हरला टाटा कुठला आणि विनंती कुठली, हे कसं कळणार? ट्राम थांबायची. दार उघडायचं. कोणी चढायचं नाही, कोणी उतरायचं नाही. एकदा तर मिरच्या वाळत घालणाऱ्या राऊत काकूंनी पदरानं माशी हाकलली, तर त्यांच्यासाठीही थांबली.

शेवटी एका संध्याकाळी उईके गार्ड खाली उतरले, पाटीवर नवा कागद चिकटवला आणि मला जवळ बोलावलं. लांबुळका माणूस, केस पांढरे, आवाज कायम बसलेला.

"वाचता येते ना? वाच."

मी वाचलं. संध्याकाळची गाडी हात दाखवून थांबणार नाही. उतरणाऱ्या प्रवाशाने गार्डास आगाऊ सांगावे.

"पण काका, आई झोपलेली असते. ती कशी सांगणार?"

"ते मले नको सांगू. रोज बारा मिनिटं लेट. मले वरून कागद आला. ड्रायव्हरले आला. नोकरीचं एकच वर्ष राहिलं माझं. तुमच्या टाट्यापायी तेही जाते का काय!"

"मग तुम्ही उठवा तिला."

"मी काय कोंबडा आहो का, बाई?"

मला हसू आलं नाही. मी तिथेच रडायला लागले. चारचौघांत, फलाटावर. आजी कशी रडली, मला तिला वळवता आलं नाही, सगळं सांगितलं. आणि हेही सांगितलं की पोरांना मीच शिकवलं. गार्डांनी ते ऐकून घेतलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"तिसरी खिडकी?" ते म्हणाले.

"डावीकडची. दुसरा डबा."

"देईन आवाज. पण तू हात दाखवायचा नाही. हात मागं बांधून उभी राहजो. तुझा हात वर दिसला तर पुन्हा बाकीच्या पोट्ट्यांचे वर होतात."

तीन आठवडे सगळं सुरळीत झालं. मी हात मागे बांधून उभी राहायचे, ट्राम स्वतःहून थांबायची, आई पायऱ्या उतरायची. मागे गार्ड. आई म्हणायची, "आजी जेवली का?"

मग एप्रिलमधला तो शनिवार.

आदल्या रात्री आजीला ताप होता. आईनं रात्री तीनदा चादर बदलली. दवाखान्यात चादरी, घरी चादरी. सकाळी ती केस विंचरायला आरशासमोर बसली आणि कंगवा केसांत तसाच ठेवून पाच मिनिटं नुसती बसून राहिली. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. कंगवा सापडत नव्हता."

संध्याकाळी सहा-वीसला मी फलाटावर, हात मागे. ट्राम वळणावर दिसली. पुलावरून आली. भिंतीपाशी आली. आणि वेग कमी होईना.

पहिला डबा समोरून गेला. दुसरा डबा. तिसरी खिडकी. काचेला आईचा गाल.

"आई!" मी ओरडले. एक हात वर केला, मग दोन्ही. गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत धावले, एक चप्पल मागे राहिली. शेवटच्या दारात उईके गार्ड उभे होते. त्यांनी मला पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं. आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

मी घरी पळाले. "दुर्गा आली का?" आजीनं खाटेवरून विचारलं. दुर्गा म्हणजे आई. तिच्या वळवण्याची वेळ सातची. मी तशीच आरजूकडे धावले. तिच्या अम्मी पीठ मळत होत्या, त्यांना मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी हात तसेच पदराला पुसले. "तू जा बेटा. मी बसते अम्माजवळ. वळवायचं कसं ते मला येतं, माझ्या सासूला चार साल केलं मी."

मी सायकल काढली. रुळांच्या कडेनं बैलगाडीची वाट जाते, ती धरली. सात किलोमीटर. समोरून लूचा गरम वारा अजून अंगावर येत होता, घशाला कोरड, एका पायात चप्पल. पण मला त्यातलं काहीच लागत नव्हतं, कारण मी गार्डांना काय काय बोलायचं ते ठरवत होते. शब्द दिला होता ना? एवढं एक काम होत नाही? म्हातारं माणूस तिकडे एका कुशीवर पडलंय, कळतं का तुम्हाला? पॅडलागणिक एक वाक्य.

बोरखडीचं स्टेशन जुनं, दगडी. चिंचेखाली एक बाक. ट्राम रिकामी होऊन उभी होती आणि गार्ड एकेक खिडकी खाली ओढत होते.

बाकावर आई बसली होती.

चपला काढलेल्या. पाय वर घेतलेले, मांडी घालून. पिशवी मनगटावर नव्हती, बाजूला ठेवली होती. हातात कागदाचा पुडा आणि त्यातला एकेक फुटाणा ती तोंडात टाकत होती. अगदी सावकाश, एक संपला की दुसरा. समोर बघण्यासारखं काहीच नव्हतं, रूळ संपून गवत लागतं एवढंच. ते ती बघत होती.

मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. पण तेव्हा माझ्या ते डोक्यात शिरलं नाही. सायकल आडवी टाकून मी तडक गार्डांकडे गेले.

"तुम्ही उठवलं नाही तिला!"

ते वळले. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे बाकाकडे.

"तुम्ही मला पाहिलं होतं! मी दोन्ही हात वर केले होते! आणि तोंड फिरवलं!"

चहाच्या टपरीवरचे दोघेतिघे उभे राहून बघायला लागले. ड्रायव्हर खाली आला. "काय झालं, उईके?"

"काही नाही," गार्ड म्हणाले. "विसरलो मी."

"विसरलात? माणूस विसरता?" माझा आवाज फाटला होता. "आजीला काही झालं तर?"

"चुकलं, बाई," ते म्हणाले. बारा वर्षांच्या मुलीला, सगळ्यांसमोर, टोपी काढून. "माझं चुकलं. पुन्हा नाही होणार."

मला वाटलं होतं, ते भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे अजून चार वाक्यं शिल्लक होती.

"चाल, प्रांजू," मागून आई म्हणाली. ती चपला घालून उभी होती. पिशवी पुन्हा मनगटावर. "कोणी बसलं आहे ना आजीपाशी? चाल मग."

येताना मी सायकल चालवत होते, आई मागे कॅरिअरवर. ती इतकी हलकी होती की मला वाटलं, दप्तर जास्त जड असेल. ऊन गेलं होतं, उजेड होता. मी मधूनमधून गार्डांच्या नावानं पुटपुटत होते. "सोमवारी बघतेच मी. स्टेशनमास्तरांना चिठ्ठी लिहिते. मराठीत माझे शहाऐंशी आहेत."

"नको लिहू."

"का नको? खोटारडा माणूस."

"प्रांजू, त्यायनं उठवलं होतं मले."

मी पॅडल मारत राहिले.

"दोन डाव आवाज दिला," आई म्हणाली.

"मग?"

"मी म्हटलं, नाही उतरायचं."

"झोपेत म्हणाली असशील."

"नाही." तिचा आवाज माझ्या पाठीशी, अगदी जवळून येत होता, पण तोंड दिसत नव्हतं. "पुलापासून जागीच होती मी. ते म्हणे, बाई, पोरगी उभी आहे खाली. मी म्हटलं, दिसते मले. मग ते जाऊन दारात उभे राहिले." मग थोड्या वेळानं, "तुझी एक चप्पल फलाटावर पडली."

वाटेत एक खड्डा होता, तो मला दिसलाच नाही. दोघी धाडकन आदळलो. आईनं माझी कंबर धरली.

"मग का नाही उतरली?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही?"

"बसायचं होतं जरा."

"घरी बस ना."

हे मी बोलले आणि मला ते ऐकू आलं. आई रागावलीही नाही. चेन कुरकुरत होती तेवढाच आवाज. मला सकाळचा कंगवा आठवला.

"किती वेळ बसणार होतीस?" मी हळूच विचारलं.

"फुटाणे सरेपर्यंत." मग ती म्हणाली, "अर्धे राहिले."

मी ब्रेक दाबला.

"काय झालं? पंक्चर?"

"उतर."

"अवं, आजी..."

"आजीपाशी अम्मी आहेत. त्यांना वळवता येतं. उतर तू."

बोरखडीहून परतीची गाडी सकाळीच असते, रूळ मोकळे होते. मी सायकल बाभळीला टेकवली आणि एका रुळावर बसले. रूळ अजून कोमट होता. आई जरा वेळ उभी राहिली. मग समोरच्या रुळावर बसली, पंगतीला बसतात तशी, गुडघ्याला गुडघा. तिनं पिशवीतून पुडा काढला आणि आमच्या मधे, पत्रावळीच्या जागी ठेवला.

"घे," ती म्हणाली.

"तुझे आहेत."

"घे व. एकटीनं खाऊन झाले तेवढे."

मी एक घेतला. तिनं एक घेतला. आम्ही सावकाश खाल्ले. शेवटचा उरला तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहत बसलो. तो तिनं खाल्ला. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला, आणि म्हणाली, "आजी जेवली का?"

सोमवारी मी फलाटावर गार्डांची वाट पाहत होते. आई उतरली, मागून ते.

"काका, तुम्ही विसरला नव्हता."

"कोण म्हणते?" ते म्हणाले. "विसरलोच होतो. वय झालं आता." आणि ड्रायव्हरला शिट्टी दिली.

मी आरजूच्या अम्मींकडून शिकून घेतलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आजीचा गुडघा आधी दुमडायचा, आणि आपण श्वास सोडताना तिला वळवायचं. पहिल्या वेळी आजी म्हणाली, "दुर्गा, हात गार आहेत तुझे." मी सांगितलं नाही की मी दुर्गा नाही. महिन्याभरात मला एकटीला यायला लागलं.

तेव्हापासून शनिवारी मी फलाटावर जाते, पण आईला उतरवायला नाही. नुसती हात मागे बांधून उभी राहते. ट्राम वळणावर दिसते, पुलावरून येते आणि न थांबता निघून जाते. तिसऱ्या खिडकीत आईचा गाल असतो, डोळे मिटलेले. झोपलेली असते की जागी, ते मी कधी विचारलं नाही. उईके गार्डांची नोकरी संपली तेव्हा जाताना त्यांनी नव्या गार्डाला काहीतरी सांगून ठेवलं असावं. कारण शनिवारी शेवटच्या दारातून तो मला हात दाखवतो.

मग मी घरी येते. सात वाजता आजीला वळवते. आजीला आता फारसं आठवत नाही, पण हे विचारायचं ती विसरत नाही.

"दुर्गा आली का?"

"येईल," मी म्हणते. "फुटाणे सरले की."